ब्लॅडर काढल्यावर पुढे काय, बॅग की आतड्याचं नवीन ब्लॅडर? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात ब्लॅडरच्या कॅन्सरवर आलेली पत्रं एकत्र घेतलीयत, कारण सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो, ब्लॅडर काढून टाकल्यावर लघवीची सोय कशी करायची. मी युरॉलॉजी वॉर्डात स्टोमा नर्स म्हणून काम करते, म्हणजे ऑपरेशन सर्जन करतात आणि त्यानंतर पेशंट घरी कसा राहतो हे बघायचं काम माझ्याकडे येतं, त्यामुळे उत्तरंही त्याच बाजूने देतेय. औषधाचा डोस आणि ऑपरेशनचा शेवटचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

प्रश्न: नमस्कार ताई. माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, ६३ वर्षांचे आहेत, सांगलीजवळ आमची द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी लघवीतून रक्त गेलं, दुखत काहीच नव्हतं म्हणून बरेच दिवस मुतखड्याचं औषध चाललं. मग दुर्बिणीतून गाठ खरवडली आणि कॅन्सर स्नायूपर्यंत गेलाय असा रिपोर्ट आला. केमो झाल्या, आता ब्लॅडर काढायचंय. सर्जन म्हणाले दोन पर्याय आहेत, पोटावर बॅग किंवा आतड्याचं नवीन ब्लॅडर, आठवड्यात ठरवून सांगा. काका म्हणतात बॅग नकोच, चारचौघात वास येतो. भाऊ म्हणतो नवीन ब्लॅडर करू म्हणजे सगळं नॉर्मल होईल. आण्णा काहीच बोलत नाहीत. क्रिएटिनिन १.३ आहे. चांगलं कुठलं ते स्पष्ट सांगा. – सांगली जिल्ह्यातली एक मुलगी

उत्तर: ताई, स्पष्टच सांगते, यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं नाहीये. कॅन्सर काढायचा भाग दोन्हीत तोच असतो, ब्लॅडर, प्रोस्टेट आणि ओटीपोटातल्या लिम्फ नोड. फरक आहे तो पुढे लघवी कुठून आणि कशी बाहेर येणार यात. कुठल्या पद्धतीत माणूस जास्त सुखी राहतो यावर अभ्यास पुष्कळ झालेत, पण चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना बॅग आणि निम्म्यांना नवीन ब्लॅडर असं कुणी करू शकत नाही, ज्याला जे झेपेल तेच दिलेलं असतं, म्हणून एक पद्धत सरस असं छातीठोकपणे कुणी सांगितलं तर मी तरी मान्य करणार नाही. तुम्ही प्रश्न बदला, प्रत्येक पद्धत आण्णांकडून रोज काय मागणार आहे आणि ते द्यायची त्यांची तयारी आहे का, हे विचारा.

आधी करतात काय ते बघा. दोन्ही किडन्यांतून लघवी खाली आणणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात, ब्लॅडर गेलं की त्या कुठेतरी जोडायलाच लागतात. बॅगच्या पद्धतीत, जिला डॉक्टर इलियल कॉन्ड्युट म्हणतात, लहान आतड्याचा शेवटाकडचा साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा वेगळा काढतात आणि उरलेलं आतडं परत एकमेकाला जोडतात, त्यामुळे जेवण आणि शौच नेहमीच्याच वाटेने होतं (हे सगळेच विचारतात, म्हणून मुद्दाम सांगितलं). नळ्या त्या तुकड्याला जोडायच्या आणि तुकड्याचं एक तोंड बेंबीच्या खाली उजव्या बाजूला पोटावर बाहेर काढायचं, ते तोंड म्हणजे स्टोमा. तिथे लघवी साठत नाही, सतत थेंब थेंब येत राहते, म्हणून बॅग. अमेरिकेतल्या ब्रिकर नावाच्या सर्जननी १९५० मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही जगात सगळ्यात जास्त हीच होते, कारण ऑपरेशनला त्यातल्या त्यात वेळ कमी लागतो आणि पुढची गुंतागुंतही कमी.

नवीन ब्लॅडरला निओब्लॅडर म्हणतात. त्यात लहान आतड्याचा ५०-६० सेंटिमीटर तुकडा घेऊन उभा चिरतात, सपाट करतात आणि गोलसर पिशवी शिवून ती मूळच्या लघवीच्या मार्गाला जोडतात. चिरायचं का, तर आतड्याची सवय आतला माल पुढे ढकलायची, नळीसारखंच ठेवलं तर ते दर थोड्या वेळाने आवळून लघवी बाहेर फेकेल आणि वर किडनीवर दाब येईल. चिरून शिवलं की तो जोर मोडतो. १९८० च्या दशकात जर्मनीत उल्मला हाउटमान आणि स्वित्झर्लंडमध्ये बर्नला स्टूडर या सर्जननी बसवलेल्या पद्धती आजही चालतात. तिसराही एक प्रकार असतो, आत आतड्याची पिशवी आणि पोटावर किंवा बेंबीत छोटं भोक, बाहेर बॅग नाही, पण दर ४-६ तासांनी स्वतः कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून लघवी काढायची. इंडियाना पाउच त्यातलाच. आपल्याकडे तो कमी होतो, तरी नाव माहीत असू दे.

आता तुमच्या भावाचा "सगळं नॉर्मल". मला भावाची तळमळ कळते, पण हा शब्द आण्णांसमोर वापरू नका. निओब्लॅडरला लघवी लागल्याची जाणीव होत नाही, पोटात जडपणा किंवा भरल्यासारखं वाटतं तेवढंच, आणि ते आपोआप आकुंचनही पावत नाही. लघवीला बसायचं, खालचे स्नायू सैल सोडायचे आणि पोटाने हलका जोर द्यायचा, तेव्हा ते रिकामं होतं. पुरुषांनीही सुरुवातीला बसूनच करायची. कॅथेटर साधारण दोन ते तीन आठवडे असतो आणि आतड्यातून चिकट शेंबडासारखा स्राव येत राहतो, तो नळीत अडकू नये म्हणून सलाइनने धुवायला लागतं. कॅथेटर काढल्यावर खरं काम सुरू होतं. सुरुवातीला त्यात १००-१५० मिली मावतं, म्हणून दिवसा दर दोन तासांनी जायचं, रात्री अलार्म लावून दर तीन तासांनी उठायचं, आणि मग हळूहळू वेळ वाढवत वाढवत ४००-५०० मिलीपर्यंत आणायचं, त्याच्या पुढे ताणायचं नाही. याला काही महिने जातात. या काळात कपडे ओले होतात, अंथरूण ओलं होतं, पॅड लागतात, आणि ज्या माणसाने आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही तो सकाळी चादर स्वतः धुवायला उठतो हे मी वॉर्डातून घरी गेलेल्या कितीतरी कुटुंबांकडून ऐकलंय. पुढे बहुतेकांचं जमतं. दिवसा १० पैकी ८-९ जण कोरडे राहतात. रात्री मात्र वर्ष उलटल्यावरही १० पैकी २ ते ४ जणांना गळतं, कारण झोपेत भरलेलं ब्लॅडर खालची झडप आपोआप घट्ट करायला लावतं ती यंत्रणाच निघून गेलेली असते. थोड्या जणांना उलट त्रास, लघवी पूर्ण उतरतच नाही, मग रोज स्वतः कॅथेटर घालायला लागतो. म्हणून मी म्हणते की निओब्लॅडर हवं असेल तर ऑपरेशनच्या आधीच कॅथेटर घालायला शिकायची तयारी हवी, "माझ्यावर ती वेळ येणार नाही" असं धरून चालायचं नाही.

काकांचं वासाचं म्हणणं. बॅग नीट बसलेली असेल तर वास येत नाही. वास येतो तो गळतीला, आणि गळती होते ती बहुतेक वेळा स्टोमा चुकीच्या जागी आल्याने किंवा फ्लँजचं, म्हणजे कातडीला चिकटणाऱ्या बॅगेच्या चकतीचं, भोक चुकीचं कापल्याने. ही दोन्ही टाळता येतात. बॅग बदलायची सकाळी उठल्या उठल्या, चहापाणी घ्यायच्या आधी, कारण तेव्हा लघवी कमी येत असते. जुनी फ्लँज ओढून काढायची नाही, एका हाताने कातडी दाबून धरायची आणि दुसऱ्याने वरून खाली सोडवत आणायची. गॉजची छोटी गुंडाळी स्टोमाच्या तोंडावर टेकवून ठेवायची म्हणजे थेंब त्यात जिरतात आणि भोवतालची कातडी कोरडी राहते. कातडी साध्या पाण्याने पुसायची, डेटॉल नाही, तेल नाही, पावडर नाही, तेलाने फ्लँज चिकटतच नाही. पूर्ण कोरडं झाल्यावर स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं भोक कापून फ्लँज लावायची आणि तळहाताने दाबून धरायची, हाताच्या उबेने ती नीट चिकटते. पहिले ६-८ आठवडे स्टोमा आक्रसत जातो म्हणून दर वेळी मापून कापायचं. स्टोमा लालभडक आणि ओला दिसतो, पहिल्यांदा बघून घरच्यांना घेरी येते, पण त्याला दुखत नाही, त्यात तसली संवेदनाच नसते. एक फ्लँज साधारण ३ ते ५ दिवस टिकते, उन्हाळ्यात घामाने लवकर सुटते. बॅग एक तृतीयांश भरली की खालच्या तोटीने रिकामी करायची, पूर्ण भरू दिली तर वजनाने फ्लँज उचलते. रात्री तोटीला लांब नळी लावून मोठी बॅग खाटेखाली बादलीत सोडायची, मग उठायची गरज नाही, अख्खी रात्र झोप. हे शेवटचं वाक्य लोक कानाआड करतात, पण झोप ही साधी गोष्ट नाही ताई, पहाटे उठून बागेत फवारणीला जाणाऱ्या माणसाला तर नाहीच.

बॅगेचेही तोटे आहेत, झाकून ठेवत नाही. काही वर्षांनी स्टोमाच्या बाजूने हर्निया येऊ शकतो, भोवतालची कातडी सोलवटते, तोंड अरुंद होऊ शकतं, आणि आरशात स्वतःचं पोट बघायची सवय व्हायला वेळ लागतो, काहींना होतच नाही. शिवाय सामानाला महिन्याला काही हजार रुपये लागतात आणि ते आयुष्यभर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशन्स येतात, तुमच्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन जा आणि दोन्ही पद्धतींचं काय बसतं ते विचारा. पण ऑपरेशन योजनेत झालं तरी पुढच्या बॅगांचा खर्च घरचाच धरून चाला. आणि दुकानात "युरोस्टॉमी" बॅगच मागा, तोटीवाली, तालुक्याच्या ठिकाणी शौचाची कोलोस्टॉमी बॅग हातात देतात, तिचा इथे उपयोग नाही.

निवड कधी कधी आपल्या हातात नसतेच. लघवीच्या मार्गाच्या कापलेल्या टोकाशी कॅन्सरच्या पेशी असतील तर निओब्लॅडर होत नाही, आणि हे बऱ्याचदा ऑपरेशन चालू असताना तपासून कळतं. किडनी कमजोर असेल तरी नाही, कारण आतडं लघवीतले क्षार आणि आम्ल परत रक्तात ओढून घेतं आणि निओब्लॅडरमध्ये लघवी तासन् तास साठलेली असते, तो जादा भार किडनीने उचलायला हवा. आण्णांचं १.३ क्रिएटिनिन नुसतं बघू नका, त्यावरून जीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा, काढायला सांगा, त्यांच्या वयाला तो ६० च्या आसपास येईल. बरेच सर्जन ४०-५० च्या खाली गेल्यावर निओब्लॅडर टाळतात, म्हणजे आण्णांना दार बंद नाही पण केमोनंतरची ताजी तपासणी हवी, कारण केमोतलं सिस्प्लॅटिन हे औषध किडनीला लागतं. ओटीपोटाला आधी रेडिएशन झालेलं असेल, आतड्याचा जुना आजार असेल, हात थरथरत असतील, विसरभोळेपणा असेल तर कल बॅगकडे. नुसत्या वयावर मात्र ठरत नाही, सत्तरीचा काटक माणूस निओब्लॅडर उत्तम सांभाळतो आणि पन्नाशीतला माणूस विचारपूर्वक बॅग घेतो, मी दोन्ही बघितलेत.

आता एक काम नक्की करा, पर्याय कुठलाही ठरो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा आधी स्टोमाच्या जागेची खूण करून घ्या. ऑपरेशन टेबलावर बेत बदलला तर स्टोमा तिथेच येईल. खूण झोपवून करायची नसते. आण्णांना उभं करा, खुर्चीत बसवा, मांडी घालून बसवा, वेलीखाली वाकतात तसं वाकायला सांगा, पायजम्याची नाडी जिथे बांधतात ती रेघ दाखवा, आणि पोटाला घडी पडते तिथे खूण नको, नाडीच्या रेघेवर नको, जुन्या टाक्यावर नको, आणि आण्णांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल अशा जागी हवी. द्राक्षबागेत हात वर करून आणि कमरेत वाकून दिवस काढणाऱ्या माणसाला दोन बोटं इकडे तिकडे झालं तर पुढची वीस वर्षं त्रास.

आणि आण्णांचं गप्प राहणं. सगळे बोलतायत म्हणून ते गप्प असतील. काका नाही, भाऊ नाही, तुम्ही एकट्या त्यांच्याबरोबर बसा, किंवा ओपीडीत नर्सला सांगा की त्यांच्याशी एकट्याने बोला. त्यांना विचारा, रात्री दोनदा उठायची तयारी आहे का, गरज पडली तर स्वतः कॅथेटर घालाल का, पोटावर बॅग बघवेल का, बायकोशी संबंधांचं काय (नसा वाचवून ऑपरेशन करता येतं का हे सर्जनना ऑपरेशनच्या आधी विचारायचं असतं, लाजून लोक विचारत नाहीत आणि मग राहून जातं). जमलं तर दोन्ही पद्धतींच्या एकेका जुन्या पेशंटला भेटवा. मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाही मुंबईतच आहे, तिथे बॅग लावून वर्षानुवर्षं कामधंदा करणारी माणसं भेटतात. एक बॅग मागून घ्या, त्यात पाणी भरा आणि आण्णांना दोन दिवस पोटाला लावून बागेत फिरू द्या. त्यानंतर ते बोलतील, आणि ते जे बोलतील ते घरात कुणी फिरवू नका.

अजून एक. ऑपरेशन मोठं आहे, पहिल्या ९० दिवसांत निम्म्याहून जास्त पेशंटना काही ना काही तक्रार होते, पोट फुगतं, आतडं उशिरा सुरू होतं, ताप येतो, परत ॲडमिट व्हायला लागतं. जिथे ही ऑपरेशन्स नेहमी होतात तिथेच करा. आणि आण्णा बिडी ओढत असतील तर आजपासून बंद, जखम भरायलाही आणि पुढेही.

प्रश्न: ब्लॅडर न काढता भागत नाही का? रेडिएशनने बरं होतं असं ऐकलं. – सोलापूरहून एक वाचक

उत्तर: दादा, काही जणांचं भागतं. आधी गाठ दुर्बिणीतून जमेल तितकी पूर्ण खरवडायची आणि मग केमो आणि रेडिएशन एकत्र. गाठ एकच आणि फार मोठी नसेल, किडनीला सूज आलेली नसेल, ब्लॅडरच्या आतल्या अस्तरात जागोजागी कॅन्सर पसरलेला नसेल आणि ब्लॅडर मुळात नीट काम करत असेल, तर हा खराखुरा पर्याय आहे, कमी दर्जाचा नाही. पण त्यानंतर वर्षानुवर्षं दुर्बिणीची तपासणी चुकवता येत नाही, आणि परत आलाच तर ब्लॅडर काढायला लागतं, तेही रेडिएशन झालेल्या पोटात, तेव्हा निओब्लॅडर कठीण होतं. ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी एकदा रेडिएशनवाल्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, सर्जननी पाठवलं नाही तरी स्वतःहून जा.

प्रश्न: मी ५४ वर्षांची, नाशिकला शिक्षिका आहे. माझंही ब्लॅडर काढायचंय. नणंद म्हणते बायकांना नवीन ब्लॅडर करतच नाहीत, बॅगच घ्यावी लागते. खरं आहे का? आणि साडीत बॅग दिसेल का?

उत्तर: बाई, नणंदेचं म्हणणं जुनं झालं. पूर्वी बायकांमध्ये ब्लॅडरबरोबर लघवीचा मार्गही काढायचे त्यामुळे नवीन ब्लॅडर जोडायला जागाच उरायची नाही. आता ब्लॅडरच्या तोंडाशी किंवा योनीच्या पुढच्या भिंतीत कॅन्सर नसेल तर तो मार्ग ठेवता येतो आणि निओब्लॅडर होतं. फक्त बायकांची अडचण पुरुषांपेक्षा वेगळी, गळण्यापेक्षा अडकण्याची. बऱ्याच जणींना काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लघवी पूर्ण उतरत नाही आणि दिवसातून ४-५ वेळा कॅथेटर घालायला लागतो, हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. शाळेत तासांच्या मधल्या सुट्टीत, शाळेच्या बाथरूममध्ये, हात धुवायला साबण आहे की नाही अशा ठिकाणी हे जमेल का याचा प्रामाणिक विचार करा. जमेल वाटत असेल तर जरूर घ्या, कॅथेटरची सवय झालेल्या बायका अगदी सहज करतात, पाच मिनिटांचं काम.

या ऑपरेशनात बहुतेक वेळा गर्भाशय, अंडाशय आणि योनीचा थोडा भाग काढतात. तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्यासारख्या कित्येक जणी मनात ठेवून जातात म्हणून लिहिते, योनी किती वाचवता येईल, अंडाशय ठेवता येतील का, हे तुमच्या कॅन्सरच्या जागेवर अवलंबून असतं आणि ऑपरेशनच्या आधी विचारलं तरच त्यावर विचार होतो. लेडी डॉक्टर किंवा नर्सजवळ बोला, मिस्टरांना बाहेर बसवून बोललात तरी चालेल.

साडीचं सांगते. स्टोमाची खूण करताना रोजची साडी नेसून, परकर घालून या. परकराची नाडी स्टोमाच्या वरून गेली तर ती दिवसभर घासते, बरोबर खाली गेली तर बॅग भरायला अडथळा येतो. त्यामुळे नाडी नेमकी कुठे बसते ते नर्सला दिसलं पाहिजे, गाऊन घालून खूण करून घेऊ नका. नंतर बऱ्याच जणी नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घालतात. निऱ्यांच्या आत बॅग दिसत नाही, वर्गात फळ्याकडे वळलात तरी नाही, फक्त वेळेवर रिकामी करा.

प्रश्न: आमच्या बाबांना बॅग लागून चार महिने झाले. ते रोज पूजा करायचे, आता देवघरात जात नाहीत, म्हणतात मी ओवळा झालो. वारीलाही जायचे, आता घराबाहेरच पडत नाहीत. काय सांगू? – पुणे जिल्हा

उत्तर: बाबांना सांगा, लघवी प्रत्येकाच्या पोटात चोवीस तास असतेच, त्यांची बंद बॅगमध्ये असते एवढंच. बॅग रिकामी करून, आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून बसले तर मला तरी त्यात काही अडचण दिसत नाही, आणि ज्या घरांत असं सुरू झालं तिथला माणूस परत माणसांत आलेला मी बघितलाय. बॅग लावूनच आंघोळ करता येते, काढूनही करता येते. तुमच्या घरचे गुरुजी असतील तर त्यांनाच बाबांशी बोलायला सांगा, मुलाबाळांपेक्षा त्यांचं ऐकतील. एकच गोष्ट कडक, निर्जळी उपास बंद. पाणी कमी पडलं की किडनीला लागतं आणि खडे होतात.

वारीचं म्हणाल तर पहिल्या वर्षी एखादा टप्पाच करू द्या. आधीच भोक कापून ठेवलेल्या दोन-तीन फ्लँज, बॅगा, गॉज, पाण्याची बाटली, कचऱ्याच्या पिशव्या आणि एक जादा धोतर एका छोट्या पिशवीत, आणि ती पिशवी ट्रकमध्ये नाही तर खांद्याला. एसटीत बसायच्या आधी बॅग रिकामी. जादा सामान उन्हात गाडीत ठेवू नका, फ्लँजचा गोंद वितळतो. जड ओझं उचलायचं नाही, हर्निया होतो.

प्रश्न: माझं निओब्लॅडर होऊन दोन वर्षं झाली, नागपूरला असतो. प्रत्येक वेळी लघवीच्या रिपोर्टमध्ये बॅक्टेरिया आणि पस सेल्स येतात आणि फॅमिली डॉक्टर अँटिबायोटिकचा कोर्स देतात. ताप नाही, जळजळ नाही. पण हल्ली खूप थकवा येतो आणि जेवण जात नाही. इन्फेक्शन मुरलंय का?

उत्तर: काका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं ब्लॅडर आतड्याचं आहे, आतड्याच्या अस्तरावर जंतू राहतातच आणि त्यातून चिकट स्रावही येतो, त्यामुळे तुमच्या लघवीत बॅक्टेरिया आणि पस सेल्स दिसणं हे रोजचंच आहे. ताप, थंडी, कमरेच्या वर बाजूला दुखणं, लघवी अचानक गळायला लागणं किंवा घाण वासासकट तब्येत बिघडणं असं काही असेल तरच अँटिबायोटिक. नुसत्या रिपोर्टवर कोर्स घेत राहिलात तर खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडणार नाही. फॅमिली डॉक्टरना तुमच्या सर्जनचं पत्र नेऊन द्या, त्यांना राग येणार नाही, निओब्लॅडरचा पेशंट त्यांच्याकडे क्वचितच येत असेल. (बॅगवाल्या वाचकांसाठी, तपासणीचा नमुना बॅगेतून कधीच देऊ नका, तो स्टोमात कॅथेटर घालून घ्यायचा असतो.)

थकवा आणि जेवण न जाणं हे मात्र मी सोडून देणार नाही. आतडं लघवीतलं आम्ल परत ओढतं हे वर लिहिलंय, त्याने रक्त आम्लधर्मी होतं आणि माणूस असाच गळून जातो, भूक मरते, मळमळतं, वजन उतरतं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. या आठवड्यात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड आणि बायकार्बोनेट करून घ्या. बायकार्बोनेट रुटीन किडनीच्या तपासणीत बऱ्याचदा नसतं, नाव घेऊन सांगायला लागतं. ते कमी आलं तर सोडाबायकार्बच्या साध्या स्वस्त गोळ्यांनी आठवड्याभरात फरक पडतो, पण किती घ्यायच्या ते डॉक्टरच ठरवतील, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर त्यातल्या सोडियमचा विचार करावा लागतो. बी-१२ पण तपासा, ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातून रक्तात जातं, सर्जन तो शेवटचा तुकडा शक्यतो सोडतात तरी साठा काही वर्षांत उतरत जातो, शाकाहारी असाल तर अजून लवकर. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगल्यात का आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही बघायला सांगा. आत उरत असेल तर तीच लघवी जास्त वेळ आतड्याला लागून राहते आणि आम्ल आणखी चढतं.

आणि खिशात एक चिठ्ठी ठेवा, "आतड्याचं ब्लॅडर आहे, पोट अचानक जोरात दुखलं तर लगेच युरॉलॉजिस्टला दाखवा." फार भरू दिलेलं निओब्लॅडर क्वचित फुटतं, आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना हे माहीत नसेल तर ते अपेंडिक्स शोधत बसतात. लग्नाकार्यात, लांबच्या प्रवासात लघवी दाबून धरू नका, दर चार तासांनी जायचं म्हणजे जायचं, गाडी थांबवायला लावून जा. बायकार्बोनेटचा रिपोर्ट आला की परत लिहा.